मागचं ऑईल

आमच्या घरी गाडीची एक वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, कडांना तेलकट बोटं उमटलेली. १९८९ साली पांढरी डिझेल ॲम्बॅसिडर दारात आली त्या दिवसापासून आण्णांनी तिच्यात सगळं लिहून ठेवलंय. तारीख, किलोमीटर, काय काम केलं, किती पैसे गेले. दर पाच-सहा पानांनी एक ओळ परत परत येते: 'मागचे ऑईल पाहिले. ठीक.' २०१७ साली आण्णा गेले, वही माझ्याकडे आली आणि ही ओळ मी कितीदा तरी वाचली. आधी घातलेलं ऑईल काळं पडलंय का ते आण्णा बघत असणार, असा मी तिचा अर्थ लावला होता. मागचं म्हणजे आधीचं.

तसं नव्हतं. मागचं म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या गोल पोटातलं, डिफरन्शियलचं. हे मला २०२३च्या डिसेंबरात मिस्त्रींनी विचारल्यावर कळलं, आणि तोवर आतलं डिफरन्शियल गेलेलं होतं.

सुरुवात त्याच्या अडीच वर्षं आधीची. जुलै २०२१मध्ये पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि नागाळा पार्कातल्या आमच्या गल्लीत पाणी शिरलं. २०१९च्या पुराचा धसका अंगात होताच, त्यामुळे घरातलं सामान वेळेत वरच्या मजल्यावर गेलं, दुचाकी बाहेर निघाली. ॲम्बॅसिडरची बॅटरी मात्र नेमकी उतरलेली. ती तिथंच राहिली. चाकं निम्म्याहून जास्त बुडाली आणि पाणी ओसरेपर्यंत गाडी तशीच उभी होती.

पूर गेल्यावर कोल्हापुरात मिस्त्री मिळणं म्हणजे देव भेटणं. शिवाजी उद्यमनगरात गाड्यांची रांग रस्त्यावर आलेली. आमचे चाचा आण्णांच्या वेळेपासून ही गाडी बघतात, त्यांच्याकडेही बसायला जागा नव्हती. मी घरून कागदावर यादी करून नेली: इंजिन ऑईल, गिअरबॉक्सचं ऑईल, ब्रेकचे ड्रम उघडून साफ करणे, पुढच्या चाकांचे बेअरिंग धुऊन ग्रीस, सेल्फ, वायरिंग. चाचांनी यादीतलं एकूण एक काम केलं. डिफरन्शियल यादीत नव्हतं. ती यादी मी लिहिली होती आणि तेव्हा आण्णांची वही माझ्या कपाटात होती.

डिफरन्शियल हा असा भाग आहे की तो चांगला असतो तोवर त्याची आठवण कुणाला होत नाही. खळ्यावर तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, बैलांची पात फिरते तेव्हा बाहेरच्या बैलाला जास्त चालावं लागतं आणि आतला जवळजवळ जागेवर वळतो. वळणावर गाडीच्या चाकांचंही तसंच असतं. दोन्ही मागची चाकं एकाच दांड्यावर पक्की असती, तर वळताना एक घासत गेलं असतं. इंजिनाचा जोर प्रोपेलर शाफ्ट नावाच्या लांब दांड्यातून मागं येतो. तिथं पिनियन नावाचा छोटा दातेरी गिअर क्राऊन नावाच्या मोठ्या चकतीला फिरवतो आणि क्राऊनच्या पोटातले चार छोटे गिअर दोन चाकांना ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे फिरू देतात. ॲम्बॅसिडरचा मागचा अॅक्सल इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातला. त्यात पिनियन क्राऊनच्या मध्यावर येत नाही, मध्याच्या खाली भिडतो. ह्याला हायपॉइड म्हणतात. दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, सरकतातही, म्हणून त्याला साधं तेल चालत नाही. गंधकाचा उग्र वास येणारं ९० नंबरचं जीएल-५ लागतं.

आता पुराचं पाणी आठवा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं. आणि तळाशी कोण, तर पिनियन.

२०२३च्या दिवाळीनंतर आवाज सुरू झाला. पन्नासच्या पुढं गेलं की मागून एक लांब 'हूंऽऽ' यायचा, दूर कुठं तरी पिठाची गिरणी चालू असल्यासारखा. साठला तो कानात भरायचा आणि सत्तरला विरायचा. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खालून 'टक्'. मी आधी क्रॉस, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा सांधा, बदलून घेतला, कारण टक् म्हटलं की सगळे क्रॉसकडेच बोट दाखवतात. टक् थोडं कमी झालं, हूं तसंच राहिलं. डिसेंबरात कोकणातून फोंडा घाटानं परत येताना मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. ती उठून म्हणाली, "बाबा, सीटखाली कोणीतरी रडतंय."

दुसऱ्या दिवशी गाडी चाचांकडे नेली. ते शेजारी बसले आणि आम्ही शिये फाट्याच्या दिशेनं निघालो.

"सर, साठवर धरा. हां. आता रेस सोडा बघू."

मी पाय उचलला. आवाजाची पट्टी बदलली, तो थोडा खरखरीत झाला.

"परत द्या." पट्टी परत पहिली. "आता रस्ता मोकळा हाय, जरा डावीकडं-उजवीकडं झोलवा." झोलवलं, आवाजात काही फरक पडला नाही.

"चाकाचं बेअरिंग असतं तर झोलवल्यावर बदललं असतं," चाचा म्हणाले. "हे रेस सोडल्यावर बदलायलंय. पिनियन बोलायलंय, सर. मागचं ऑईल कधी बघितलंसा?"

मागचं ऑईल. वही डोळ्यांसमोर आली. मी तिथंच गाडी कडेला घेतली.

गॅरेजवर येऊन खालचा प्लग सोडला. आधी काहीच आलं नाही, मग पाण्याचे दोन-चार थेंब, मग एक घट्ट, फिकट तपकिरी लापशी. कॉफीत जास्त दूध पडल्यावर होतो तसला रंग. सव्वा-दीड लिटर यायला पाहिजे होतं, डब्यात निम्मंही भरलं नाही. चाचांनी वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचा एक तुकडा तापवून आणला आणि त्यावर त्यातलं बोटभर सोडलं. तडतड तडतड. फोडणीत ओली मोहरी पडल्यासारखं. चाचा काही बोलले नाहीत. लोहचुंबक डब्यात फिरवून त्यांनी माझ्यासमोर धरला, तर त्याच्यावर चांदीच्या वर्खासारखा लेप होता आणि त्या लेपात नखाएवढे दोन खवले.

वर अॅक्सलच्या नळीवर एक छोटी बोंडी असते, श्वास घ्यायची. अॅक्सल तापला की आतली हवा तिथून बाहेर पडते. ती उघडली तर आत पुराचा गाळ वाळून दगड झालेला. मग सगळी साखळी लागली. पुरात पाणी आत गेलं आणि ओसरताना गाळ बोंडीत बसला. त्यानंतर प्रत्येक फेरीत तापलेल्या हवेला बाहेर पडायला वाट उरली नाही, म्हणून तिनं पिनियनच्या ऑईल सीलमधून वाट काढली आणि जाताना थोडं थोडं तेल घेऊन गेली. उरलेल्या तेलात पाणी घुसळून लोणी झालं. अडीच वर्षं पिनियनचं बेअरिंग त्या लोण्यावर चाललं. गाडीनं तरी किती सोसावं.

पुढचा प्रश्न होता दुरुस्ती करायची की आख्खं डिफरन्शियल बदलायचं. माझा कल नवीन क्राऊन-पिनियन घालण्याकडे होता. चाचांचा साफ नकार. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीनं घासून एकमेकांना लावलेले असतात, दोघांवर एकच नंबर असतो. नवीन जोडी डिफरन्शियलच्या लोखंडी घरात बसवायची तर पिनियन किती आत, किती बाहेर, ते शिमा, म्हणजे पातळ चकत्या, टाकून ठरवावं लागतं. त्यासाठी लागणारं माप आणि हत्यार आता फार थोड्या हातांत उरलंय. "एक शिम चुकली की पाचशे किलोमीटरमध्ये तुमची गिरणी परत चालू," ते म्हणाले. "आख्खं बघा. कंपनीनं लावलेलं, कुणी न उघडलेलं."

ॲम्बॅसिडर बनणं २०१४ साली थांबलं. डिझेल तर त्याही आधीपासून दुर्मीळ, त्यातही जुनं १४८९ सीसीचं इंजिन असलेली. आधी पुण्याला मंगळवार पेठेत गेलो. एका दुकानदारानं फोनवर छातीठोक सांगितलं होतं, 'ॲम्बॅसिडरचं सगळं सेम असतं, डोळे झाकून घेऊन जा.' माल दिसायला चांगला होता. दात स्वच्छ, धुऊन तेल लावून ठेवलेला. मी खडूनं एका दातावर खूण केली आणि मोजायला लागलो. क्राऊनला ४१, पिनियनला ९. घरून निघताना चाचांनी मला एकच गोष्ट दहादा बजावली होती: आपलं ३९ आणि ८ आहे. आमच्या गाडीचे दात त्यांनी स्वतः मोजले होते.

दुकानदाराला ह्यात काही वावगं वाटलं नाही. बसेल ना, म्हणाला. बसलं असतंच, भोकं सारखी आहेत. पण ३९ला ८नं भागलं की ४.८७५ येतात, ४१ला ९नं भागलं की साडेचारच्या किंचित वर. म्हणजे त्याच इंजिनाच्या फेऱ्यांत गाडी सात टक्के जास्त पळणार. सपाट हायवेवर हे कुणालाही आवडेल, इंजिनाचा आरडाओरडा कमी होईल. पण हे चाळीस घोड्यांच्याही आतलं इंजिन आणि घरची पाच माणसं घेऊन आंबा घाट चढायचा. तिथं ते सात टक्के तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात आणतात. शिवाय स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते, त्याला मागं काय बदललंय ते कळत नाही. काटा साठ दाखवणार आणि गाडी चौसष्टनं पळत असणार. मोकळ्या हातानं परत आलो. बसच्या भाड्याचं वाईट वाटलं, मोजल्याचं नाही.

मिळालं ते सांगली जिल्ह्यात. चाचांच्या ओळखीतून कळलं की एका खेडेगावात निवृत्त डॉक्टरांच्या वाड्यामागं एक डिझेल ॲम्बॅसिडर आठ-दहा वर्षं उभी आहे. रविवारी चाचा, मी आणि मुलगी, तिघं गेलो. गाडीचे दरवाजे गंजून जाळी झालेली, छतावर कोंबड्यांची वस्ती. पण डॉक्टरांनी ती उभी करताना चारी बाजूंनी विटा रचून अॅक्सल त्यावर टेकवले होते आणि वर पत्र्याचं छप्पर होतं. खालची जमीन कोरडी ठणठणीत.

दात मोजायला आत हात जात नव्हता. चाचांनी वेगळा हिशेब लावला आणि तो मला भौतिकशास्त्राच्या तासाला शिकवावासा वाटला. गाडी न्यूट्रलमध्ये, मागची दोन्ही चाकं जमिनीपासून सुटलेली. मी डावं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मुलीनं उजव्या चाकावर खडूची रेघ मारली. चाचा प्रोपेलर शाफ्टवर रेघ मारून खाली पडून राहिले. एक चाक थांबलेलं असताना दुसरं बरोबर दोन फेरे फिरलं की क्राऊनचा एक फेरा होतो. मुलीनं चाक सावकाश फिरवलं, मोठ्यानं मोजत. एक. दोन.

"साहेब, पाच पुरं झालं न्हाई," खालून चाचांचा आवाज आला. "आठवा हिस्सा कमी पडला."

पाचाला एक अष्टमांश कमी म्हणजे ४.८७५. ३९ आणि ८. मुलीनं टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांची परवानगी घेऊन मी प्लग सोडून बोट घातलं. तेल काळं होतं, पण नितळ, आणि पाणी नव्हतं. त्यांनी नऊ हजार सांगितले, साडेसहावर ठरलं. निघताना म्हणाले, "गाडी चालू आहे ना तुमची? मग घेऊन जा. चालत्या गाडीत गेलं तर मला बरं वाटेल." ते काढायला त्या दिवशी दुपार गेली. ते काम लिहीत नाही, कारण तेच काम आठवड्यानं आमच्या अंगणात उलट-सुलट दोन्ही बाजूंनी केलं.

ज्यांना कधी हे करावं लागेल त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, दोन मिनिटांच्या कामालाही नाही. मागच्या अॅक्सलखाली दोन मजबूत घोड्या, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, आणि मग हँडब्रेक सोडायचा, कारण तो ओढलेला असेल तर ड्रम निघत नाही. चाचांनी गाडी घोड्यांवर टेकल्यावर खांद्यानं ढकलून हलवून बघितली, मगच मला खाली जाऊ दिलं.

चाकं काढली, ड्रमचे स्क्रू काढले. हे स्क्रू पुरात गंजलेले, साध्या पेचकसानं डोकी गोल व्हायची. डिझेल लावून रात्रभर ठेवले आणि सकाळी हातोडीनं ठोकायच्या पेचकसानं सोडले. ड्रमच्या आत हाफ शाफ्टचा, म्हणजे डिफरन्शियलकडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचा, चपटा तोंडवळा दिसतो, तो अजून एका स्क्रूनं धरलेला. तो सुटला की आख्खा हाफ शाफ्ट हातभर बाहेर ओढून घेता येतो. ह्या अॅक्सलमध्ये गाडीचं वजन बाहेरच्या नळीवरच्या बेअरिंगवर असतं, शाफ्टकडे फक्त फिरवण्याचं काम. म्हणून ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांना हात लावावा लागत नाही, नंतर ब्रेकची हवा काढत बसावं लागत नाही. ज्यानं हे आखलं त्यानं रस्त्याच्या कडेला दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा विचार केला होता, असं मला त्या वेळी मनापासून वाटलं.

प्रोपेलर शाफ्टचे चार नट सोडायच्या आधी चाचांनी जोडाच्या दोन्ही चकत्यांवर (फ्लँजवर) पंचानं एकेक ठिपका ठोकला. जसा होता तसाच परत बसला नाही तर सत्तरला गाडी थरथरते. मग गोल घराच्या पुढच्या बाजूचे नट. सगळे सुटले तरी डिफरन्शियल हललं नाही, जुन्या पॅकिंगनं चिकटून बसलेलं. मी पेचकस खोचायला गेलो, तर चाचांनी मनगट धरलं. "तोंडाला खाच पडली की आयुष्यभर तेल गळणार." त्यांनी लाकडी हातोडीनं कडेकडेनं टकटक करत दोन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला 'चप्' असा ओला आवाज झाला आणि कडेला केसाएवढी फट दिसली. खाली ट्रॉली जॅक, त्यावर गोणपाटाची घडी. हे ओझं छातीवर घेण्यासारखं नाही. दोघांनी सावकाश पुढं ओढत ते जॅकवर उतरवलं.

उन्हात आणून ठेवलं तेव्हा मला ते नीट बघवलं नाही. क्राऊनच्या अर्ध्या भागावर एक तांबूस पट्टा होता, फुटपट्टीनं आखल्यासारखा सरळ. पूर ओसरल्यावर गाडी तीन आठवडे हलली नव्हती, तेव्हा आतलं पाणी कुठवर होतं त्याची ती रेघ. रेघेच्या वरचे दात चकचकीत, खालच्या दातांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. चाचांनी पिनियन दोन बोटांत धरून हलवला तर तो वर-खाली खडखडला. त्याच्या बेअरिंगचे रोलर मोडलेल्या पेन्सिलीच्या टोकासारखे खरबरीत झाले होते. एक लिटर-दीड लिटर तेल, तेव्हाचे पाच-सहाशे रुपये आणि अर्धा तास. बस्स, एवढंच लागलं असतं.

घर आतून पुसायला पाऊण दिवस गेला. डिझेल, फडकं, परत डिझेल, परत फडकं, दोन्ही नळ्यांत काठीला फडकं बांधून. चुंबक स्वच्छ निघेपर्यंत चाचा पुढं जाऊ देईनात. श्वासाची बोंडी सुईनं साफ करून फुंकून बघितली.

डॉक्टरांच्या गाडीतलं डिफरन्शियल बसवायच्या आधी दोन परीक्षा झाल्या. पहिली डायल गेजची. उद्यमनगरातल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून गेज आणलं. क्राऊनच्या पाठीवर कारखान्यानं कोरलेला आकडा असतो, पिनियन धरून ठेवला तर क्राऊन किती हलला पाहिजे त्याचा. कोरलेलं होतं सहा थाऊ. इंचाचा हजारावा भाग म्हणजे थाऊ, आमच्याकडे लेथवर अजून ह्याच मापात बोलतात. चार ठिकाणी मोजलं, सहा ते सातच्या मध्ये भरलं. चाचांनी मान हलवली.

दुसरी शेंदराची. पुडीतला शेंदूर चमचाभर तेलात कालवून त्यांनी चार-पाच दातांवर बोटानं पातळ फासला, मारुतीला लावतात तसाच. मग फडक्यानं क्राऊन जरा अडवून धरत पिनियन फिरवला, पुढं आणि मागं. दात एकमेकांना जिथं भिडतात तिथला शेंदूर पुसला जाऊन खालचं पोलाद उघडं पडतं. तो उघडा ठसा दाताच्या मधोमध, आतल्या टोकाकडे किंचित झुकलेला आणि लांबट गोल पाहिजे. टोकाशी आला किंवा वरच्या कडेला चढला तर पिनियनची जागा चुकलीय. मी गुडघ्यावर बसून बघत होतो. प्रत्येक दातावर तांदळाच्या मोठ्या दाण्यासारखा एक एक ठसा, सगळे एका ओळीत. कारखान्यात कुणीतरी पस्तीस वर्षांपूर्वी लावलेलं माप अजून जागेवर होतं. शेंदरात शिसं असतं, म्हणून हात साबणानं दोनदा धुतले आणि मुलीला त्याला हात लावू दिला नाही, ह्यावर ती रुसली.

पिनियनचं ऑईल सील नवीन घातलं. त्यासाठी पुढचा नट काढावा लागतो आणि तो आतल्या बेअरिंगचा ताण धरून असतो. चाचांनी नट आणि शाफ्टवर सलग खूण केली, आटे मोजले आणि परत बसवताना त्याच खुणेवर आणून थांबवला. त्याच्यापुढं तसूभरही नाही.

पॅकिंग विकत मिळालं नाही. पॅकिंगचा जाड कागद घराच्या तोंडावर अंथरून चाचांनी गोल डोक्याच्या छोट्या हातोडीनं कडेवर ठोकायला सुरुवात केली, अगदी हलक्या हातानं, भाकरी थापावी तशी लय धरून. धारेवर कागद आपोआप कापला जातो. भोकांवर एकेक छर्रा ठेवून एक ठोका, की भोक तयार. वीस मिनिटांत आख्खं पॅकिंग त्या तोंडाच्या मापाचं बाहेर आलं, एक कात्री न वापरता. हाफ शाफ्टच्या तोंडाची कागदी पॅकिंगही तशीच केली, रबरी रिंगा नव्या घातल्या. ह्या रिंगांत कसर करू नये. मागच्या चाकांचं बेअरिंग ह्याच तेलावर चालतं आणि रिंग गेली की तेल थेट ब्रेकच्या लायनरवर येतं.

बाकी बसवणं काढण्याच्या उलट. नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. हाफ शाफ्ट ज्या बाजूचा त्याच बाजूला. आत सरकवताना तो एका जागी अडतो, तेव्हा जोर न लावता किंचित फिरवायचा, म्हणजे दाते गवसतात. गाडी सपाट उतरवून तेल भरलं, भरायच्या भोकातून ओघळायला लागेपर्यंत. त्या तेलाचा वास दोन दिवस हातांना होता.

संध्याकाळी पन्हाळ्याचा रस्ता धरला. चाचा शेजारी, खिडकी खाली. चाळीस, पन्नास. माझा पाय साठकडं जायला धजत नव्हता. "द्या की," चाचा म्हणाले. साठला मला इंजिन ऐकू आलं, टायर ऐकू आले, वाऱ्याचा आवाज आला, आणि मागं काही नव्हतं. वाघबीळला थांबून चाचांनी गाडीखाली हात घालून घराला तळवा लावला आणि तसाच ठेवला. "कोमट हाय. चालंल." रेस सोडली की पंचावन्नला एक बारीक गुणगुण अजून येते. ती मी सांगितली तेव्हा ते म्हणाले की पस्तीस वर्षांच्या गाडीनं एवढं बोललंच पाहिजे.

पाचशे किलोमीटरला तेल उतरवून परत नवीन भरलं. चुंबकावर थोडी राखाडी पेस्ट होती, खवले नव्हते. आंबा घाट चढून आलो, तिसऱ्यात. वहीत त्या दिवसाची नोंद करताना मी आण्णांचा शब्द ठेवला आणि पुढं 'डिफरन्शियल, मागचा अॅक्सल' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. मुलगी पुढं ही वही वाचेल.

जुलै २०२४मध्ये पंचगंगा परत धोक्याच्या वर गेली. ह्या वेळी बॅटरी भरलेली होती. पाणी यायच्या दोन दिवस आधीच गाडी राजारामपुरीत बहिणीकडे चढावर नेऊन लावली. पूर ओसरल्यावर परत आणताना वाटेत एका ठिकाणी चाकांच्या पट्ट्यापर्यंत पाणी होतं, त्यातून आलो. खरं तर काही व्हायचं कारण नव्हतं. तरी घरी आल्या आल्या प्लग सोडला, करंगळी घालून तेल काढलं. मधाच्या रंगाचं. बायकोनं दुधाचं पातेलं उतरवून गॅस मोकळा करून दिला, त्यावर जुना लोखंडी चमचा तापवला आणि त्यात एक थेंब सोडला. मुलगी कान लावून उभी होती. थेंब पसरला, धूर झाला, गंधकाचा वास सुटला. आवाज काहीच आला नाही.